न वाजलेला लामा

"खालून! अहो, खालून धरा! दोन्ही हात बुडाखाली घाला, बुडाखाली!"

रविवारची दुपार, सिंगापुरात आमच्या क्वीन्सटाउनच्या ब्लॉकखाली मोकळ्या जागेत गणपतीचं जेवण, सत्तर-ऐंशी पानं मांडलेली, आणि मी मसालेभाताचा टोप दोन्ही कड्यांना धरून ऐटीत निघालो होतो. त्या आरोळीनं समोरच्या ब्लॉकच्या नवव्या मजल्यावर बांबूवर वाळत घातलेले पायजमे बांबूसकट आत गेले. मंडळी, मी वाढवून सांगतो असं माझी बायको म्हणते. म्हणू दे. पायजमे आत गेले.

आरोळी मारणारे गृहस्थ आमच्याच ब्लॉकमध्ये चौथ्या मजल्यावर भाड्यानं राहायचे. सगळे त्यांना काका म्हणत. पन्नाशी उलटलेली, अंगानं सुतळीसारखे, चष्म्याच्या काचा मात्र थेट घागरीच्या बुडाच्या. ते पंगत ओलांडून धावत आले, माझ्या हातांखाली आपले हात घातले, आणि तो टोप आम्ही दोघांनी असा नेऊन ठेवला जणू आत भात नसून झोपलेला गणपतीच होता.

"काका, मग टोपाला कड्या दिल्यात कशाला?" मी विचारलं.

"फसवायला. कडी म्हणजे भांड्याची सगळ्यात कच्ची जागा. आजवर जगात जेवढी भांडी फुटली ना, त्यातली निम्मी कडी धरणाऱ्यांनी फोडलीत."

"आणि उरलेली निम्मी?"

"'मी नीट धरलंय' म्हणणाऱ्यांनी."

एकाच गोष्टीची सवय हाडापर्यंत मुरलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. निवृत्त मास्तर लग्नपत्रिकेतल्या चुका काढतो, निवृत्त कंडक्टर देवळात 'पुढे सरका' म्हणतो. काकांची सवय हातात होती. कुठलीही वस्तू ते कानाला, दांड्याला, मुठीला धरून उचलायचेच नाहीत. खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरला आम्ही दर शनिवारी सकाळी कोपी, म्हणजे इथली कॉफी, प्यायला जायचो. उकळता कप ते दोन्ही तळव्यांवर घेऊन ओठाशी न्यायचे. तळवे इतके भाजून निघालेले की त्यांच्यावर पापड भाजला असता तरी काकांना कळलं नसतं. सिरंगून रोडच्या चोवीस तास उघड्या दुकानातून पोहे आणले तर पिशवीच्या बंदांना हात न लावता ती पिशवी बाळासारखी दोन्ही हातांवर घेऊन एमआरटीच्या मेट्रोत उभे राहायचे. एकदा एका चिनी आजींनी उठून त्यांना जागा दिली, पिशवीत वाकून बघितलं आणि पोहे दिसल्यावर पुन्हा बसल्या.

काकांची नोकरी नक्की काय, हे आमच्यात नीट कुणालाच माहीत नव्हतं. आमच्यातले निम्मे बँकेत, निम्मे कॉम्प्युटरवर. 'जुन्या वस्तू बघतो' एवढं उत्तर मिळालं की लोक त्यांना भंगारवाला समजून विषय बदलायचे. खरं म्हणजे ते पुण्यात वीस वर्षं एका संग्रहालयात होते, उत्खननातली खापरं धूत, जोडत, मोजत. मग इथल्या एका कंपनीनं बोलावलं. ही कंपनी श्रीमंतांच्या पुराणवस्तू सांभाळते, पाठवते, मालकाच्या मनात आलं तर विकूनही देते. बिनखिडकीचं थंडगार गोदाम. फोन बाहेर कपाटात ठेवूनच आत जायचं. आत काकांचं टेबल, टेबलावर फोमची गादी, कपाळावर बॅटरी. खोक्यातून वस्तू काढायची, इंच इंच बघायची आणि तिच्यावरचा ओरखडा न् ओरखडा फॉर्मवर लिहायचा. कंपनी त्याला कंडिशन रिपोर्ट म्हणायची. काका म्हणायचे, तब्येतीचा दाखला.

"दिसलं ते लिहायचं. वाटलं ते नाही." हे त्यांचं ब्रीद. दिवसातून चारदा तरी म्हणायचे.

एकदा गमतीत मीच म्हटलं, काका, माझा दाखला लिहा. त्यांनी खरंच चष्मा वर केला आणि मला पुढून-मागून बघत बोलायला लागले. "पुढचा भाग: फुगवटा, अलीकडचा. डावा गुडघा: जुनी दुरुस्ती. वरचं टोक: झिलई गेलेली. तोंड: सतत उघडं, बंद होण्याची यंत्रणा आढळली नाही." आमची ही इतकी हसली की तिनं तो दाखला काकांकडून लिहून घेऊन आमच्या फ्रिजवर लावला. अजून आहे.

त्यांची मुलगी सोळा वर्षांची, इथल्या शाळेत शेवटच्या वर्षाला. मराठी कळायची, बोलायची मात्र इंग्रजी. बाप कुठे काय उचलेल या भीतीनं ती त्यांच्यापासून दहा पावलं मागे चालायची. काकू शांत. इतक्या शांत की त्यांच्या घरी गेलं की कुकरच्या शिट्टीनं दचकायला व्हायचं.

तर श्रावणातल्या एका शनिवारी काका कोपीच्या टेबलाशी आले ते नात झाल्यासारखा चेहरा घेऊन.

"लामा आलाय," ते म्हणाले.

"तिबेटातून?"

"दक्षिण अमेरिकेतून. प्राणी हो, प्राणी! मातीचा."

लामा म्हणजे उंटाच्या घरातली धाकटी सून समजा. मदार नाही, मान तीच, आणि चेहऱ्यावर भाव असा की 'मला न विचारता ठरवलंत ना सगळं?' इंकांचं नाव आपण शाळेत ऐकलेलं असतं. हा लामा त्यांच्याही आधीच्या लोकांचा, ज्यांना पुढे इंकांनी जिंकलं. सात-आठशे वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या वाळवंटात ही माणसं काळीभोर, घोटून चकचकीत केलेली भांडी घडवायची. माकडं, घुबडं, बदकं, मासे, लामा. रोजच्या पाण्याची नव्हेत, विधीची. माणूस गेला की त्याच्याबरोबर पुरायची.

काकांनी टिश्यूवर चित्र काढून दाखवलं. दोन गोल चंबू शेजारीशेजारी, खालून नळीनं जोडलेले, वरून मातीच्या पुलानं. एका चंबूला लांब मान. दुसऱ्यावर लामा, पाय दुमडून बसलेला.

"आणि त्याच्या डोक्यात," काका पुढे झुकले, "शिट्टी आहे. पाणी भरायचं आणि चंबू कलता करायचा. पाणी ह्या पोटातून त्या पोटात जातं, हवा वर ढकलतं, आणि लामा ओरडतो. नुसतं मानेतून फुंकलं तरी ओरडतो."

"कसा आवाज येतो हो?"

काका पुन्हा मागे टेकले. टिश्यूची घडी केली. खिशात ठेवली.

"पाणी घालायचं नाही. फुंकायचं नाही. तोंडाची वाफसुद्धा लागू द्यायची नाही. नियम आहे. नियम मीच लिहिलाय." मग म्हणाले, "एवढी वर्षं मडक्यांत गेली. पण एवढ्या जवळून... म्हणजे, बोलू शकेल असं मडकं हातात आलं नव्हतं कधी."

पुढचे तीन शनिवार आम्ही दुसरं काही बोललोच नाही. त्यांनी दोन आठवडे खपून लामाचा दाखला पूर्ण केला: डाव्या कानाचा टवका, पाठीवर मुळांचे डाग, भोक नाही, तडा नाही. खाली सही. आता तो विक्रीला जाणार होता. त्याआधी काय करायचं, काही नाही. पण काका रोज खोकं उघडून त्याच्याकडे बघून यायचे. कुणाला तरी सांगायचं असून सांगता येत नाही, असं त्या लामाचं तोंड आहे म्हणाले. लगेच स्वतःलाच टोकलं, "हे वाटलं. हे लिहायचं नाही."

आणि मग ते गणपतीचं जेवण. टोप ठेवला, वाढप झालं, पान लागलं, आणि मला चार माणसं ऐकायला मिळाली. आता चार माणसं मिळाली की माझं काय होतं हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. मी लामाची गोष्ट सुरू केली. मध्येच माझी जीभ हातातून निसटली.

"काकांनी वाजवून दाखवला ना मला!" मी म्हणालो. "एकट्याला! काय आवाज, अहो! आधी बासरीसारखा, मग शंखासारखा, मग एकदम आजारी बाळासारखा. माझ्या अंगावर काटा आला तो तीन दिवस उतरला नाही. दाढी करायची पंचाईत!"

पंगत हसली. आणि सगळ्यांनी एकदम काकांकडे वळून विचारलं, "काका, खरंच? कसा येतो हो आवाज?"

श्रीखंडाचं भांडं बुडाखाली दोन्ही हात घालून काका उभे होते. चेहरा उतरला. त्यांना माझं खोटं उघडं पाडायचं नव्हतं, आणि खोटं बोलणं त्यांना येत नव्हतं.

"मी ऐकलेला नाही," ते म्हणाले.

लोकांना वाटलं, काका नम्रपणा करताहेत. "अहो, सांगा ना!" कोणीतरी म्हणालं. काका श्रीखंड वाढत पुढे गेले. मी त्या दिवशी दोन वाट्या जास्त खाल्ल्या. लाज वाटली की मला भूक लागते.

मंगळवारी संध्याकाळी बेल वाजली. काका दारात. आत येऊन बसले. आमच्या हीनं पाणी दिलं, ते तसंच तळव्यांवर धरून राहिले.

"फुंकलं," ते म्हणाले.

मला कळायला वेळ लागला.

"काल. जेवायच्या सुट्टीत सगळे खाली गेले होते. मी तोंड धुतलं, दात घासले. लामाला गादीवर घेतलं, मानेच्या नळीला ओठ लावले, आणि फुंकलं."

"मग?" आमची ही स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाली.

"फुस्स."

"म्हणजे?"

"म्हणजे फुस्स. पंक्चर झालेल्या सायकलसारखं. मला वाटलं, माझं चुकलं. पुन्हा फुंकलं. पुन्हा तेच. मग म्हटलं, हवा जाते कुठे? ओठ लावून ठेवले आणि बोट ओलं करून सगळीकडे फिरवलं. पोटाखाली गार लागलं."

लामाच्या चंबूच्या बुडाशी, दुमडलेल्या पायांच्या सावलीत, करंगळी जाईल एवढं गोल भोक होतं. कुणीतरी पुट्टीनं भरून वर काळा रंग मारला होता. इतका बेमालूम की दोन आठवडे बॅटरी मारून काकांना दिसला नव्हता. पण पुट्टी जुनी होऊन कडेनं सुटली होती, आणि तिथून हवा निसटत होती.

"सळई," काका म्हणाले. "तिकडे थडग्यांवर चोर येतात. लांब लोखंडी सळई वाळूत खुपसत चालतात. पोकळ लागलं की खणायचं. कधी कधी सळई थेट मडक्यात घुसते. अशी भोकं मी चित्रांत पाहिलीत. गोल. एकाच बाजूनं आत गेलेली."

"कागदांत काय लिहिलंय त्याच्या?"

"एका खानदानी घराण्याच्या कपाटात चार पिढ्या होता म्हणे." त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "कपाटातल्या मडक्याला सळई कोण मारतं?"

बँकेत काम करतो मी, कागद खोटे असले की काय होतं हे मला सांगायला नको. हे भोक दाखल्यावर चढलं की लामा चोरीचा ठरणार, विक्री थांबणार, चौकशी होणार आणि कदाचित तो जिथून आला तिथे परत जाईल. नाही चढलं तर कुणाच्या तरी बंगल्यात काचेच्या पेटीत जाईल आणि पुन्हा कुणी त्याच्या पोटाखाली वाकून बघणार नाही.

"लिहिणार तुम्ही?" मी विचारलं.

"दिसलं ते लिहायचं."

"ठीक. पण फुंकलं ते लिहू नका. बॅटरीनं दिसलं म्हणा."

"पहिल्या दाखल्यावर मीच सही केलीय, भोक नाही म्हणून. दोन आठवडे दिसलं नाही आणि आता एकदम कसं दिसलं?"

"म्हणा, नवी बॅटरी घातली!"

ते हसले नाहीत. मी मात्र त्या दिवशी चांगला तासभर बोललो. आयुष्यात रचल्या नसतील एवढ्या सबबी मी त्यांना रचून दिल्या. धूळ आत गेली म्हणा, मुंगी बाहेर आली म्हणा, गोदामात भूकंप झाला म्हणा. सिंगापुरात भूकंप! शेवटी काकू त्यांना शोधत आल्या. त्या दारातच उभ्या राहून मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही सांगा ना यांना. तुमचं ऐकतात." त्यांच्या मागून मुलगी म्हणाली, "पप्पा, जस्ट डोन्ट राइट ला. एक्झाम इज नेक्स्ट मंथ."

काका उठले. पाण्याचा ग्लास तसाच भरलेला टेबलावर ठेवला.

"तो वाजला असता ना," मला म्हणाले, "तर मी कुणाला काही सांगितलं नसतं. पापच केलं होतं, गिळून टाकलं असतं. पण तो वाजला नाही. ते तरी कुणीतरी लिहायला पाहिजे."

बुधवारी त्यांनी दुसरा दाखला दिला. भोक कुठे, केवढं, कशाचं वाटतं नव्हे तर कसं दिसतं, आणि पहिल्या ओळीत: 'मी वस्तूत फुंकलं. ती वाजली नाही.'

त्यांची बॉस वाईट बाई नव्हती. काकाच सांगायचे, आवाज चढवत नाही, वाढदिवसाला केक आणते. तिनं दाखला वाचला, दार लावलं आणि विचारलं, "यू ब्लू इन्टू इट?"

"येस."

"देन व्हाय यू गो अँड राइट डाउन?"

तिनं खणातून एक कागद काढला. वस्तू हाताळण्याचे नियम. काकांनीच सहा वर्षांपूर्वी नोकरीला लागल्या लागल्या लिहून दिलेले, स्वच्छ टाईप करून. चौथा नियम: वस्तूत तोंडाने हवा घालणाऱ्यास त्याच दिवशी कामावरून कमी करावे. पाचवा: अशा माणसाचा दाखला ग्राह्य धरू नये. दोन्ही काकांचेच. पुण्यात कुणीतरी एकदा एका जुन्या शंखात फुंकून तो बिघडवला होता, तेव्हापासूनचा त्यांचा राग होता तो.

म्हणजे नोकरी गेली, आणि दुसरा दाखलाही गेला. उरला पहिला.

नोकरी गेली की इथे राहायचा पास रद्द होतो, आणि पास रद्द झाला की आवरायला एक महिना मिळतो, हे इथे येणाऱ्या प्रत्येकाला विमानातून उतरायच्या आधीच पाठ असतं. मुलीनं परीक्षेपुरतं आमच्याकडे राहावं म्हणून आमच्या हीनं खूप समजावलं. मुलगी म्हणाली, "आय गो विथ देम." आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. पुण्यात तिला आता नववीत बसवताहेत.

त्या महिन्यात मी काय केलं, विचारा. सांगतो. मी एक पत्र लिहिलं. इंग्रजीत, झकास, सळईपासून पुट्टीपर्यंत सगळं. कुणाला पाठवायचं तेही शोधून ठेवलं. पण लामाचा एक फोटो नव्हता आमच्याकडे. फोन कपाटात ठेवूनच आत जायचं असायचं ना. पुरावा म्हणजे काकांचा शब्द, आणि काकांचा शब्द कंपनीनं नुकताच कायदेशीर बाद केलेला. आणि खरं कारण सांगायचं तर माझा कायम राहण्याचा अर्ज सरकारदरबारी पडला होता आणि मला माझ्या नावाची चौकशी कुठल्याच टेबलावर नको होती. ते पत्र अजून ड्राफ्टमध्ये आहे. अधूनमधून त्यातला एखादा स्वल्पविराम बदलतो.

दुसरं केलं ते आमच्या मंडळींना सांगितलं. नवरात्रात सेंगकांगला एकाकडे जमलो होतो, तिथे. इथून तिथून खरं सांगितलं, एक अक्षर न वाढवता. थडगं, सळई, पुट्टी, चौथा नियम, सगळं. संपलं तेव्हा सगळे टाळ्या देऊन हसत होते.

"फुस्स!" एकजण डोळे पुसत म्हणाला. "पंक्चर झालेला लामा! काय सुचतं रे तुला!"

"अरे, खरं आहे."

"हो, हो. आणि दाढी? दाढी करता येते का आता?"

मी काय करणार? मीही हसलो. वीस वर्षं मेहनत करून मी माझी ही पत कमावलीय, एका संध्याकाळीत थोडीच जाते.

काका गेल्यावर महिन्याभरानं मी फोन केला. काकूंनी घेतला, दिला. संग्रहालयात त्यांच्या जागी दुसरा लागलाय म्हणाले. एक-दोन ठिकाणी विचारलं, वय विचारतात. मी म्हटलं, मग दिवसभर करता काय? "बसतो," म्हणाले. नेहमीसारखं काही टोकलं नाही, माझ्या तब्येतीची चौकशी केली नाही. मी दोन किस्से सांगितले, ते अगदी सभ्यपणे 'हो का' म्हणाले. फोन ठेवायच्या आधी एवढंच विचारलं, "विक्रीच्या आधी वस्तू मांडतात. कुणालाही जाता येतं. तुम्ही जाऊन याल? भोक तसंच आहे का, तेवढं फक्त बघा."

मी गेलो. बँकेतून अर्धी रजा काढून, इस्त्रीचा शर्ट घालून. मोठं हॉटेल, जाड गालिचा, अंधारलेला हॉल आणि प्रत्येक पेटीवर वरून उजेड. इथे मी तुम्हाला काहीही वाढवून सांगणार नाही. लामा मधोमध होता. काळा, चकचकीत, माझ्या अंदाजापेक्षा लहान, दोन तळव्यांत मावेल एवढा. डाव्या कानाला टवका. तोंड किंचित उघडं. मी पेटीशेजारी उकिडवा बसलो, मान वाकडी केली आणि बुडाखाली बघितलं. दुमडलेल्या पायांच्या सावलीत एक जागा बाकीच्यांपेक्षा जास्त काळी होती. ताजी. नखाएवढी गुळगुळीत.

"अंकल, कॅनॉट सिट देअर," मागून आवाज आला. काळा सूट घातलेली एक मुलगी. वीस-बावीसची, हसरी.

मी उठलो. गुडघा करकरला. म्हटलं, ह्याचा कंडिशन रिपोर्ट बघायला मिळेल? "शुअर, शुअर." तिनं टॅबलेटवर काढून दिला. पहिला दाखला. तेच सुबक अक्षर. डावा कान: टवका. पाठ: मुळांचे डाग. भोक नाही. तडा नाही. खाली काकांची सही.

"ह्याच माणसानं नंतर दुसरा लिहिलाय," मी म्हणालो.

तिनं बोटानं खाली-वर सरकवून पाहिलं. "ओन्ली वन, अंकल."

"बुडाशी भोक आहे त्याला. भरलंय. म्हणून तो वाजत नाही. शिट्टी आहे त्याच्या डोक्यात, वाजायला पाहिजे. तुम्ही कुणालातरी फुंकून बघायला सांगा, म्हणजे कळेल." हे सगळं मी इंग्रजीत, हळू आवाजात, एकही हातवारा न करता म्हणालो. असं बोलायची मला सवय नाही, घसा दुखला.

तिनं लामाकडे बघितलं, मग माझ्याकडे. टॅबलेट छातीशी धरला.

"नॉट फॉर प्लेइंग, अंकल," ती म्हणाली. "डिस्प्ले ओन्ली."